कॅमेऱ्याला पहिला मान

चांगदेवशेटच्या कंटेनर यार्डात कॅमेरा रुसला की फाटकही रुसायचं. आत येणाऱ्या ट्रेलरचा नंबर कॅमेरा टिपतो, काट्यावर वजन होतं, मग फाटक उघडतं. बाहेर जाणाऱ्याला आधी फाटक, मग काटा. कॅमेऱ्याशी त्याचा संबंध नाही. हे सगळं चालवणारा कॉम्प्युटरचा डबा नेत्रा नोकरीला होती त्या कंपनीचा. कंपनी म्हणजे उरणच्या रस्त्याला टायरच्या दुकानावर मांडलेली चार टेबलं आणि एक एसी, ज्याचा रिमोट मितेशच्या खिशात.

मितेश इथला सर्वांत जुना. डब्यातल्या तिन्ही ड्रायव्हरना, म्हणजे ही यंत्रं हलवणाऱ्या प्रोग्रामना, त्याने मिळून एकच लॉक ठेवलं होतं. ते एकाच्या हाती असलं की बाकीच्यांनी थांबायचं. कॅमेरा उन्हाने तापून गप्प झाला की लॉक धरूनच गप्प व्हायचा आणि बाहेर निघालेली गाडीही विनाकारण उभी.

शेट चिडले की आवाज खाली आणत. "नेत्राताय, सोमवारी बोटीचा माल हाय. त्या दिवशी बाहेर जाणारी एक जरी गाडी अडकली, तर डबा उतरवून घेऊन जा. भांडण न्हाय काय न्हाय."

शेटचं काम गेलं तर निदान दोन टेबलं रिकामी होणार, आणि त्यातलं एक आपलं, हा हिशेब नेत्राने केव्हाच केला होता.

"सर, हे लॉक नेमकं कशाला जपतं?"

"सगळ्याला," मितेश म्हणाला.

"सगळं म्हणजे काय काय?"

"अगं, इतकी वर्षं काही बिघडलं का?"

"चालतंय कुठे बिघडायला?"

मितेशने एसी वाढवला. त्याचं उत्तर संपल्याची ती खूण.

नेत्राने लॉक मोडून कॅमेऱ्याला, काट्याला आणि फाटकाला वेगवेगळं लॉक दिलं. शुक्रवारी टेबलावर चाचणी घेतली. एक खोटी गाडी आत, एक बाहेर, दोन्ही एकदम. सगळं ठप्प.

"बघ," मितेश समाधानाने म्हणाला. "वरून माझं एक लॉक राहू दे. सेफ्टीला."

नेत्राने याला उत्तर दिलं असतं तर नोकरी सोमवारपर्यंतही टिकली नसती. तिने शेजारच्या टेबलावरच्या प्रज्योतने लिहिलेला भाग उघडला. गाडी बाहेर सोडायचं काम त्याचं.

"तू फाटकाचं लॉक आधी का घेतोस?"

"गाडी आधी फाटकाशीच येते ना."

"आणि आत येताना माझं काट्याचं आधी. मी काटा धरून फाटकाची वाट बघते, तू फाटक धरून काट्याची. दोघं जन्मभर उभे. गाडी कुठूनही येऊ दे, लॉक घ्यायचा क्रम सगळ्यांचा एकच हवा."

"मग फाटक पहिलं," प्रज्योत म्हणाला. फाटकाचा ड्रायव्हर त्याचा होता.

"फाटक कसं पहिलं?" मितेश खुर्चीत सरसावला. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर त्याचा. "कॅमेरा सर्वांत जुना."

पुढचा तासभर जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणाचा, असा वाद चालला. क्रम कोणताही चालेल, फक्त एक ठरवा, असं नेत्राने सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. कोणताही चालेल म्हणणाऱ्याला मानपानात कोण विचारतो?

मग तीच थांबली आणि विचार करू लागली. कॅमेरा पहिला असेल, तर तो रुसेल तेव्हा काटा आणि फाटक अजून कोणी धरलेलंच नसेल. आत येणारा एकटा थांबेल. बाहेर जाणाऱ्याला कॅमेरा लागतच नाही.

"बरोबर आहे सर. मान कॅमेऱ्याचाच. मग काटा, मग फाटक."

प्रज्योत काही बोलणार, तोच तिने टेबलाखालून त्याच्या चपलेवर पाय दिला. मितेशने मोठ्या मनाने सेफ्टीच्या लॉकचा हट्टही सोडला.

सोमवारी भर दुपारी कॅमेरा तापला. आत येणारी रांग थांबली. बाहेर जाणारे ट्रेलर मात्र एकामागून एक काट्यावरून उतरून रस्त्याला लागले. शेट त्या तिघांना घेऊन फाटकाशी उभे राहून बघत होते.

"बाहेरचं जमलं," ते हळूच म्हणाले. "डबा राहू दे. आता आतल्या रांगेचं बघा. तो खांबावरचा कॅमेरा कोणाकडं असतो?"

प्रज्योतने मितेशकडे बोट केलं. शेटनी शिडी मागवली.