बेटांवरचे शंख

आमच्या जुन्या स्नेह्यांनी, मिस्टर ट्रेविनांनी, केशर घातलेल्या पावाचा दुसरा तुकडा उचलला आणि माझ्या भावाला, अँब्रोझला, सरळ सांगितलं, की शंखांना बेटांच्या नावाच्या चिठ्ठ्या लाव आणि मोकळा हो. टेबलभर गोगलगायींचे शंख पसरलेले, बशी ठेवायला जागा नव्हती. अँब्रोझनं एक शंख उचलून उजेडात धरला.

तरुणपणी तो सर्वेक्षणाच्या जहाजावरून दक्षिण समुद्रात गेला होता. एकमेकांना दिसतील इतक्या जवळच्या बेटांवर त्यानं हे शंख वेचले आणि सगळे एकाच पोत्यात ओतले. तेव्हा सगळेच तसं करत. देवानं गोगलगाय एकदा घडवली म्हटल्यावर या बेटावरची काय अन् त्या बेटावरची काय! इकडे घरी, फालमथला, परतून ते मांडायला बसला, तेव्हा त्याचे डोळे उघडले. कुणाचं कवच पातळ, कुणाचं जाड, आणि मधल्या सगळ्या छटा. एका घरची भावंडं वेगळी निघावीत आणि जागेप्रमाणे बदलत जावीत, तसं. जीव घडवलेले नाहीत, घडत गेलेत, हे त्याला उमगलं. पण कुठला शंख कुठल्या बेटावरचा, हे सांगायची सोय त्यानंच घालवली होती. डाळी मिसळल्या तर बसून निवडता तरी येतात.

मग अर्धं आयुष्य तो दुसरे पुरावे जमवत राहिला आणि मी त्याचं घर सांभाळलं. मला मागणी आली होती. नाही म्हटलं. याला जेवायचं भान नाही, याला टाकून जाऊ कशी? एवढंच वाटायचं, की त्याचं यावरचं पुस्तक झालं म्हणजे पावलं.

आणि आज ट्रेविन बातमी घेऊन आले होते. पूर्वेकडच्या बेटांवरच्या कुणा तरुणानं हेच लिहून पाठवलंय आणि महिन्याभरात ते लंडनच्या विद्वानांच्या सभेत वाचणार आहेत. त्याच्याकडे पक्षी आहेत, एकेकाच्या पायाला बेटाचं नाव बांधलेलं.

“पातळ शंख पावसाळी बेटावरचे, जाड कोरड्या बेटावरचे. तुझंच म्हणणं ना हे?” ट्रेविन म्हणाले. “मग चिठ्ठ्यांवर लिही तसं आणि त्याच्याआधी छाप. कोण जातंय बघायला?”

“मग ते बेटांनी नाही सांगितलं. मीच सांगितलं,” अँब्रोझ म्हणाला.

ट्रेविन चिडून निघून गेले. दार लागलं आणि माझा तोल सुटला.

“तुझ्या खरेपणापायी माझंही आयुष्य गेलं, हे कधी ध्यानात आलं का रे?”

“आलं,” तो म्हणाला. “तुझी इतकी वर्षं खोट्यावर कशी खर्ची घालू, डॉर्कस?”

मला रडू फुटलं. राग होताच, तो काही गेला नाही.

थोड्या वेळानं त्यानं दौत माझ्याकडे सरकवली. आजारपणापासून त्याचा हात कापतो, बारीक अक्षर मलाच काढावं लागतं. तो म्हणाला, एकेका शंखाच्या चिठ्ठीवर लिही, ‘बेट माहीत नाही’. चार-पाच चिठ्ठ्या झाल्यावर मी म्हटलं, शंख ठेवायच्या खणावर एकच मोठी डकवू.

“नको. उद्या कुणी एखादाच उचलून नेला, तर तो फसेल.”

मी डोळे पुसले, टाक बुडवला आणि पुढच्या शंखासाठी तेच तीन शब्द पुन्हा लिहिले.