दक्षिणेच्या स्वातंत्र्याचे पेढे

“अभिनंदन, आदम!” गुरुदत्तने पेढ्यांचा डबा उघडून पुढे धरला. “तुमचा देश स्वतंत्र झाला.”

आदमने हातमोजे काढले, एक पेढा उचलला आणि सावकाश, पूर्ण खाल्ला.

जर्मनीतल्या नेकारसुल्मजवळच्या त्या कारखान्यात आदम गिअरबॉक्सची कवचे धुऊन मोजणी-कक्षात आणी आणि गुरुदत्त ती मायक्रॉनपर्यंत मोजी. सहा वर्षांत गुरुदत्तला त्याच्याविषयी दोनच गोष्टी कळल्या होत्या: तो सुदानचा आहे आणि त्याची आई तिथे निर्वासितांच्या छावणीत आहे. दर रविवारी तो तिला फोन करी. गेले तीन रविवार फोन लागला नव्हता.

“अहो, आईशी बोलणं झालं का त्यांचं?” काल घरी पेढे वळताना त्याच्या बायकोने, अहिल्येने विचारले होते.

“स्वातंत्र्याची धामधूम चालू आहे. लाइन मिळत नसेल.”

“नसेल म्हणजे? एरवी तर एकेक गोष्ट दहादा मोजता!”

“अगं, टीव्हीवर बघ ना, लोक रस्त्यात नाचतायत. तू वेलदोडा घाल.”

आदमने बोटे पुसली. “दक्षिण सुदान स्वतंत्र झाला,” तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. “मी दार्फूरचा. पश्चिमेचा. आम्ही जुन्याच देशात राहिलो.”

“मग तुमच्याकडचं युद्ध?”

“चालू आहे. कॅमेरे तेवढे दक्षिणेला गेले.”

गुरुदत्तने नकाशा उघडून पाहिला नव्हता. “आणि आई?” त्याने विचारले.

“काल फोन लागला. शेजारणीने उचलला. आईला जाऊन अठरा दिवस झाले. जुलाब झाले होते. छावणीतलं सलाइन संपलं होतं.”

सुतकावर गुरुदत्तचा विश्वास नव्हता. वडिलांचेही त्याने पाळले नव्हते. तरीही त्याचा हात आपोआप झाकणाकडे गेला. “माफ कर. हे गोड... मी परत नेतो.”

आदमने डबा धरून ठेवला. “बायकोने घरी केलं?”

“हो.”

“आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरी शेजारी खायला घेऊन येतात.”

“आमच्याकडेही.”

“इथे मी कुणाला सांगितलंच नाही. कोण आणणार होतं?” त्याने डबा आपल्याकडे ओढला. “तू आणलंस. आता तिच्या नावाने मी वाटतो.”

तो बाहेर यंत्रांकडे गेला. सुदान स्वतंत्र झाल्याचे गुरुदत्तने सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवले होते. मोजणी-कक्षाच्या काचेतून आवाज येत नव्हता. एकेक जण पेढा उचलून हसत आदमचा हात हलवत होता, पाठ थोपटत होता; आणि आदम मान लववून प्रत्येकाचे आभार मानत पुढच्या यंत्राकडे जात होता.