उजव्या डोळ्याला डावा हात

"नाकाच्या शेंड्याकडे बघ. आणि शिंकू नकोस," तान म्हणाला. चीनच्या राजधानीत, चांगआनच्या पश्चिम बाजारात चाळीस वर्षं तो रोग्यांना हेच सांगत आला होता. आज समोर बायकोच बसली होती, रोंग.

तिचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. सुई चुकली, की जन्माचा अंधार.

आणि उजव्या डोळ्याला लागतो डावा हात. समुद्रापलीकडून आलेल्या ब्राह्मण गुरूनं त्याला हे छड्या मारून शिकवलं होतं: रोग्यासमोर बसायचं, सुई कानाच्या बाजूनं घालायची. सुईआधीचा मंत्रसुद्धा तान अर्थ न कळता रोज म्हणायचा. ही विद्या येणारा शहरात आता तो एकटाच उरला होता. गेल्या थंडीपासून मात्र तो मेला डावा हात थरथर कापायला लागला होता. तानला त्याची इतकी लाज वाटे, की उजव्या डोळ्याचे रोगी तो काहीबाही सबबी सांगून परत पाठवी.

त्यानं मंत्र म्हटला, सोन्याची सुई उचलली. डोळ्यापाशी येताच टोक नाचायला लागलं. त्यानं हात मागे घेतला, पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. बाहेर रोगी ताटकळले होते.

रोंगनं चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"अहो, डोळे गेलेत माझे, कान नाहीत. जेवताना तुमच्या डाव्या हातातला वाडगा वाजतो." मग हळूच म्हणाली, "मागे बसा. नवऱ्या मुलींच्या भुवया मी मागूनच कोरायचे, डोकं छातीशी घेऊन. मागून तुमचा उजवा हात पोचेल."

"गुरूंनी समोर बसायला सांगितलंय."

"गुरूंचा हात कापत नव्हता."

मनातल्या मनात गुरूंची क्षमा मागून तान उठला, तिच्या मागे बसला. तिचं डोकं छातीशी घेतलं आणि उजव्या हातानं सुई आत घातली. रोंगनं श्वास रोखला होता. पांढरा पडदा हलला, अडला, आणि सावकाश खाली सरकला.

दुधात भिजवलेला कापूस फिरवून तो समोर आला. डावा हात बाहीत लपवून त्यानं उजव्याची बोटं दाखवली.

"किती?"

"दोन." ती त्याच्याकडे बघतच राहिली. "केवढे म्हातारे झालात हो."

तिनं त्याचा डावा हात बाहीतून बाहेर काढला, उजेडात धरला. तो थरथरत होता. बाहेर कुणीतरी खोकलं. तिनं तो परत बाहीत सारला, बाही नीट खाली ओढली, आणि त्याला एका हातानं बांधता यावी म्हणून डोळ्यावरच्या पट्टीचं एक टोक स्वतःच धरून ठेवलं.