नाकतोड्याच्या कुळातली

आई गेली त्या सकाळी मी रडले, पण घाबरले नाही. तिला पुरायला माझ्याकडे जागा होती. कम्पालात हे सुख सगळ्यांच्या नशिबी नसतं. इथे माणूस शहरात राबतो, शहरात मरतो, पण पुरतात त्याला गावी, केळीच्या बागेत, कुळातल्या माणसांच्या रांगेत. ज्याला रांग नाही त्याला सरकारी दफनभूमी. तिथे पुरणं म्हणजे माणूस टाकून देणं, असं इथल्या बायका तोंडावर बोलतात. तिथे कोण जातं? बेवारशी, चोर, आणि आम्ही. आम्ही म्हणजे कांगोवाले.

मी सिमिरे, बुकावूची. अकरा वर्षांपूर्वी आईला घेऊन सीमा ओलांडली, का ते विचारू नका, सगळे ज्यासाठी ओलांडतात त्यासाठीच. कात्वेच्या उतारावर सहा खोल्यांच्या चाळीत एक खोली घेतली आणि शिलाई मशीन मांडली. मी गोमेसी शिवते. गोमेसी म्हणजे इथल्या बायकांचा लग्नाचा, मयताचा, देवळात जायचा पोशाख, खांद्यावर दोन टोकं आणि कमरेला रुंद पट्टा. ती टोकं उभी राहिली पाहिजेत. माझी राहतात. ज्यांच्या आज्या गोमेसीत जन्मल्या त्यांना ते जमत नाही आणि मला जमतं, यावरून पहिली दोन वर्षं मी शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या वर्षी त्याच बायका कापड घेऊन आल्या.

शेजारच्या खोलीत रोवीना. कोळसा विकते. हात कोपरापर्यंत काळे आणि जीभ त्याहून. पहिल्याच महिन्यात एक गिऱ्हाईक माझं नाव ऐकून म्हणाली, "सिमिरे? हे नाव आहे का शिंक?"

सगळ्या हसल्या. रोवीना उंबऱ्यावरून ओरडली, "ए, हिला नाकालांझी म्हणायचं. आमच्या घरी जेवली ती. आजपासून ही आमची, नाकतोड्याच्या कुळातली."

झालं. त्या दिवसापासून मी नाकालांझी. भाजीवाली, पाद्री, चाळीची मालकीण, सगळे तेच म्हणू लागले. आणि मी मूर्ख, मी ते खरं मानलं.

नुसतं मानलं नाही, पाळलं. नाकतोडा हे त्या कुळाचं देवक, म्हणून कुळातली माणसं नाकतोडे खात नाहीत. नोव्हेंबरात सगळं शहर डबे भरभरून तळलेले नाकतोडे खातं, कांदा घालून, वर मीठ. मला ते जीव जाईल इतके आवडायचे. सोडले. आई माझ्यासमोर बसून मुद्दाम कुरकुर वाजवत खायची. "तू हो नाकतोडा," म्हणायची. "मी बेडूक व्हायलाही तयार आहे, पण जेवण सोडायचं नाही."

पुरुषांपुढे गुडघे टेकून रामराम करायला शिकले, चिखलातसुद्धा. आईने एकदाही टेकले नाहीत. कोणी टोकलं तर म्हणायची, "माझे गुडघे बुकावूला राहिले, सामानात बसले नाहीत."

आणि जोसफत. तो रोवीनाचा चुलतभाऊ, पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा. माझ्या मशीनची मोटर दर आठवड्याला तपासायला यायचा. मोटर चांगली होती. एवढं सांगितलं तरी पुरे. सहा महिने तो आला, आणि सातव्या महिन्यात गावाहून रोवीनाचे काका आले, मुगालुला काका, त्या घराण्याचे मोठे. त्यांनी मला समोर बसवलं आणि प्रेमाने सांगितलं, "पोरी, तो तुझा भाऊ लागतो. आपल्यात कुळातल्या कुळात लग्न होत नाही. नाव घेतलंस, तर नावाचं बंधनही आलं."

मी मान खाली घालून हो म्हटलं. आत कुठेतरी फाटलं आणि त्याच वेळी आनंदही झाला. म्हणजे मी खरीच त्यांची होते! परक्या बाईला कोण भाऊ लावतं? जोसफतचं पुढच्या वर्षी लग्न झालं. नवरीची गोमेसी मी शिवली. टोकं उभी राहिली.

गेल्या वर्षी आईची छाती भरायला लागली तेव्हा ती एकच विचारायची, "मला कुठे टाकणार?"

"टाकणार नाही, पुरणार. गोंबाला, रोवीनाच्या गावी."

"तिला विचारलंस?"

विचारलं होतं. रोवीना म्हणाली होती, "त्यात काय विचारायचं? तू आमची मुलगी. मुलीच्या आईला काय रस्त्यावर ठेवू?" आईला हे सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मग म्हणाली, "केळीखाली बरं. सावली असते." त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. माझ्या शब्दावर ती निवांत मेली, हे ध्यानात ठेवा.

ती बुधवारी गेली. दहा वाजेपर्यंत चाळीचं अंगण बायकांनी भरलं. खोटं का बोलू, सगळ्या आल्या. अकरा वर्षांत या उतारावरच्या एकाही मयताला मी चुकले नव्हते, जेवणासाठी ढिगांनी केळी सोलली होती, त्याची परतफेड त्यांनी केली. आईला आंघोळ घातली, झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलं. रोवीनाने गावी फोन लावला, जोसफत खड्डा खणायला पुढे गेला. गुरुवारी सकाळी ट्रक आला. मागे आई, आजूबाजूला तीस बायका, वर निळी ताडपत्री. बायका गात होत्या. मध्येच एक म्हणाली, "नाकालांझी, तुझी आई मला एकदा काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, तुझ्या उकडलेल्या केळ्यांच्या मटोकेपेक्षा माझ्या चपलेला चव आहे." सगळ्या रडता रडता हसल्या. मीही. तो प्रवास चांगला झाला.

गावी पोचलो तेव्हा चुलींवर पातेली चढली होती. मुगालुला काका पांढऱ्या झग्यावर कोट घालून अंगणात उभे होते. मी गुडघे टेकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, सांत्वन केलं. मग म्हणाले, "चल, जागा दाखवतो."

बागेत त्यांच्या लोकांची रांग होती, सिमेंटची थडगी, काहींवर फरशी. रांगेच्या टोकाला ताज्या मातीचा उंचवटा दिसला. मला वाटलं हेच. पण तो खड्डा नव्हता, बुजवलेला खड्डा होता. कोणीतरी अर्धा खणून परत माती लोटली होती. काका त्याच्याकडे न बघता पुढे गेले. बाग संपली, चर ओलांडला, आणि चरापलीकडे, जिथे विटांसाठी माती काढतात तिथे, जोसफत कमरेएवढ्या खड्ड्यात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"इथे?" मी विचारलं.

"जागा कोरडी आहे," काका म्हणाले. "पाणी साचत नाही."

"इथे दुसरं कोण आहे?"

"एक मजूर आहे. कॉफी तोडायला आला होता, रुवांडाचा. जुनी गोष्ट."

"नाव काय त्याचं?"

काकांनी जोसफतकडे बघितलं. जोसफतने फावड्याकडे.

"काका, रांगेत खड्डा खणला होता ना?"

"पोराने न विचारता खणला. हे बघ पोरी, रागावू नकोस. रांग कुळाची असते. नाव आम्ही तुला दिलं. तुझ्या आईला कुठे दिलं? तिचा बाप आमचा नव्हता."

मला हा मुद्दा पटला, हे लिहायला लाज वाटते, पण पटला. त्यांच्याकडे तसंच आहे, बाई बापाच्या कुळाची. मी म्हटलं, "बरं. आणि मी? मी मेले तर रांगेत?"

ते कोटाची बटणं लावू लागले.

"काका, मी तुमचे पूर्वज म्हणू का?" आणि मी म्हटले. मुगालुलाचा बाप, त्याचा बाप, त्याचा बाप, पाच पिढ्या, एका दमात, कुठल्या टेकडीवर कोण पुरला त्यासकट. त्यांच्या नातवंडांना तीनच्या पुढे येत नाहीत. हे मी पाठ केलं होतं, रात्री काजं करताना, रोवीनाकडून एकेक नाव घेऊन. कधी कोणी कुळ विचारलं तर अडायला नको म्हणून.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. मी त्याला दुष्ट म्हणणार नाही, दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "तुझ्यासारखी मुलगी आमच्यात नाही. पण नाव हाक मारायला दिलं होतं, पोरी. पुरायला नव्हे."

"मग याच्याशी लग्न का नाही करू दिलंत?"

खड्ड्यातलं फावडं थांबलं. बागेच्या कडेला बायका जमल्या होत्या. सात वर्षांत हा प्रश्न मी कोणाला विचारला नव्हता. स्वतःलासुद्धा नाही. लग्न नाकारायला मी बहीण, आणि माती मागायला परकी. वा रे कुळ! ज्या दारातून बाहेर काढायचं तेवढंच उघडं.

काका म्हणाले, "ते वेगळं," आणि घराकडे चालू लागले.

रोवीना धावत आली. माझा दंड धरला. "घे गं, घे ही जागा. हट्ट करू नकोस. मी येईन ना दर वर्षी, गवत काढीन. मातीला काय कळतंय?"

"मातीला नाही कळत. मला कळतं."

"मग काय करणार? कुठे नेणार तिला? बुकावूला? रस्त्यात गोळीबार चाललाय. सरकारी दफनभूमीत टाकणार? तिथे? तुझी आई?"

"तू विचारलं होतंस का काकांना? मागच्या वर्षी, मला हो म्हणालीस तेव्हा?"

तिचे काळे हात माझ्या दंडावरून सुटले. "मला वाटलं..." ती म्हणाली, "मला वाटलं वेळ आली की होईल. दारात आलेल्या मयताला कोण नाही म्हणतं?"

म्हणजे नव्हतं विचारलं. मी ड्रायव्हरला म्हटलं, "उचला."

आता बायकांचं सांगते. त्या दोन तास ट्रकमध्ये उभ्या राहून आल्या होत्या, पातेल्यांतून मांसाचा वास येत होता, आणि जिला त्या पुरायला आल्या तिची मुलगी वेड्यासारखी परत निघाली होती. एक म्हणाली, "कांगोवाल्यांचं डोकंच तसं." दुसरी म्हणाली, "जेवून तरी निघू या." अकरा वर्षांत पहिल्यांदा मी पुन्हा कांगोवाली झाले, आणि त्याला अर्धा तास पुरला. तीसपैकी चार बायका ट्रकमध्ये चढल्या. रोवीना चढली नाही. तिला चढता येत नव्हतं, ते तिच्या बापाचं घर होतं. ती चुलीजवळ उभी राहून रडत होती आणि कोणीतरी तिच्या हातात पळी दिली.

ट्रक हलता हलता जोसफत मागून चढला, फावड्यासकट. त्याची बायको अंगणातून बघत होती. परतीला कोणी गायलं नाही.

सरकारी दफनभूमीत दोन खोदणारे होते, निघायच्या बेतात. उन्हं उतरली होती. त्यांनी कुंपणाजवळची जागा दाखवली, डाव्या-उजव्या बाजूला हातभर अंतरावर दुसरे उंचवटे, काहींवर काठी, काहींवर तीही नाही. जोसफतने त्यांच्याबरोबर खणलं. आईला खाली सोडलं. ती इतकी हलकी होती की दोर धरणाऱ्यांना जोर लावावा लागला नाही.

इथला रिवाज असा की माती टाकायच्या आधी कोणीतरी उभं राहून मेलेलं माणूस कोणाचं ते सांगतं. कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, कोणाचा पणतू. सांगितल्याशिवाय माती टाकत नाहीत. चारही बायका माझ्याकडे बघू लागल्या. जोसफत हळूच म्हणाला, "सांग. तू सांग."

मी उभी राहिले. आमच्या भाषेत सांगितलं. ही नाबिंतू. मुर्हुलाची मुलगी. मुर्हुला हा बिसिम्वाचा मुलगा. बिसिम्वा हा...

आणि मी थांबले.

मला येत नव्हतं. मुगालुलाच्या पाच पिढ्या मला टेकड्यांसकट येत होत्या आणि माझ्या आईच्या दोनच्या पुढे काही येत नव्हतं. मी तिला कधी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं ती माझ्यापासून तीन हातांवर झोपली, खोकली, बडबडली, आणि मी दिव्याखाली दुसऱ्यांचे बाप पाठ करत होते. काकांवर राग आला होता, रोवीनावर आला होता. तो अजून आहे, तो मी सोडणार नाही. पण खड्ड्याच्या काठावर उभी असताना ते दोघे तिथे नव्हते.

"झालं?" खोदणाऱ्याने विचारलं. त्याला घरी जायचं होतं. "टाकू?"

"थांब जरा," जोसफत त्याला म्हणाला.

ते थांबले. सगळे थांबले. मी खाली सालीच्या कापडाकडे बघत राहिले, आठवतंय का काही, एखादं नाव, बाजारात, लग्नात, तिच्या एखाद्या भांडणात तरी घेतलेलं. काही आलं नाही.

"टाका," मी म्हटलं.