जगदीशकाकांच्या उजव्या कानामागून

मित्रांनो, एका माणसाच्या कानामागे बसून जग ऐकत आलेलं मी एक जुनं यंत्र आहे. हॉस्पिटलच्या कागदांत मला श्रवणयंत्र म्हणतात, घरात सगळे ‘कानाचं मशीन’ म्हणतात. आम्ही दोघं भाऊ, एक डावा आणि एक उजवा. मी उजवा.

माझा जन्म एका कारखान्यात भिंगाखाली झाला. चिमट्याने माझे बारीक भाग बसवले गेले. मग मला शिट्ट्या, खरखर आणि एकसुरी आवाज ऐकवून तपासलं. माणसाचं बोलणं मात्र तिथे कधी कानावर पडलं नाही. डबीत बंद होताना मला तीच एक ओढ होती.

ती डबी लीड्सच्या एका हॉस्पिटलमध्ये उघडली. हॅना नावाच्या तिथल्या तज्ज्ञ मुलीने मला एका सावळ्या, टापटीप गृहस्थांच्या कानामागे बसवलं. हे जगदीशकाका. नागपूरहून इंग्लंडला येऊन त्यांनी तीस वर्षं एक्स-रे काढले होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांची बायको शशी वॉर्डमध्ये नर्स. मी ऐकलेलं पहिलं माणसाचं वाक्य तिचंच.

“अहो, येतंय का ऐकू?”

“ओरडू नकोस,” काका दचकून म्हणाले, आणि ती खूप दिवसांनी हसली.

हॅनाने बजावलं होतं, की रोज दिवसभर मला घालायचं, म्हणजे मेंदूला सवय होते. काकांनी तीन आठवडे घातलं. पण नळाचं पाणी त्यांना धबधब्यासारखं वाटे, ताटात चमचा पडला की ते डोळे मिटत. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाने मला पाहिलं आणि तो काकांशी लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द तोडून, मोठ्याने बोलू लागला. घरी येताच त्यांनी आमच्या बॅटऱ्या काढल्या आणि आम्हाला बैठकीच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. “मला लागतं तेवढं येतं ऐकू,” ते शशीला म्हणाले. तिच्या ड्यूट्या संध्याकाळच्या. तिनेही नाद सोडला.

मित्रांनो, त्या तीन आठवड्यांत मी एक आवाज ऐकला होता, आणि ड्रॉवरमध्ये मला त्याचीच आठवण यायची. तो रचनाचा, त्यांच्या मुलीचा. ती कायदा शिकली होती आणि घरांच्या खरेदी-विक्रीची कागदपत्रं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम करत होती. तिला सॉलिसिटर, म्हणजे अशिलांना सल्ला देणारी वकील, व्हायचं होतं. त्यासाठी तिने जो रस्ता धरला होता, त्यात आधी वकिलांच्या एखाद्या फर्ममध्ये दोन वर्षं ट्रेनी म्हणून जागा मिळवावी लागते. मोठ्या फर्ममध्ये अशा जागा दहा-बारा आणि अर्ज हजारभर. अर्जानंतर ऑनलाइन परीक्षा, मग कॅमेऱ्यासमोर एकट्याने बोलायची मुलाखत, आणि त्यातून तरलात तर फर्ममध्ये दिवसभराची चाचणी.

घरात तिची मुलाखत काका घ्यायचे. रोज जेवणाआधी ते टाय लावून बसायचे. रचनाने छापून आणलेला प्रश्नांचा कागद हातात धरून विचारायचे, “आमचीच फर्म का?” रचना उत्तर द्यायची. काका मान हलवून म्हणायचे, “छान. पुढचा प्रश्न.”

तिचं वाक्य सुरू व्हायचं ठणठणीत. पण शेवटाकडे येता येता ते मऊ पडायचं, आणि शेवटचे चार शब्द ती जणू स्वतःशीच बोलायची. मी ते उचलून काकांना देत होतो. मी ड्रॉवरमध्ये गेल्यावर ते शब्दच काय, बाकीचंही बोलणं त्यांच्यापर्यंत नीट पोचेना. आम्ही काकांच्या केसांआड असायचो, म्हणून आम्ही गेल्याचं रचनाच्या लक्षात आलं नाही.

पुढची दोन वर्षं मी काहीच ऐकलं नाही. त्या काळातलं जे सांगतोय, ते नंतर बाप-लेकीच्या बोलण्यातून मला कळलेलं आहे. रचनाने एकेचाळीस अर्ज केले. बहुतेकांचं उत्तर एका छापील ईमेलने आलं, काहींचं आलंच नाही. लंडनच्या एका फर्मने तिला दिवसभराच्या चाचणीला बोलावलं. ती नवे बूट घालून गेली आणि आठवड्याने नकार आला. फोन करून तिने कारण विचारलं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, की उत्तरं चांगली होती, पण वाक्यांचे शेवट कुणालाच ऐकू येत नव्हते, आणि स्वतःच्या बोलण्यावर तुमचाच विश्वास नाही असं सगळ्यांना वाटलं.

रचनाने ते काकांना सांगितलं. “पप्पा, माझा आवाज शेवटी खाली जातो म्हणे. पण तुम्हाला तर सगळं ऐकू यायचं ना?”

काकांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी ड्रॉवर उघडला. दोन वर्षांनी माझ्यात नवी बॅटरी पडली, आणि मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांचा श्वास.  त्यांनी आम्हाला कानांमागे बसवलं, रेडिओ लावला, एक बातमी पूर्ण ऐकली. इतक्यात दारात किल्ली फिरली. रचना लवकर आली होती. काकांनी घाईघाईने आम्हाला काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लोटला. आम्हाला बंद करायचं राहून गेलं.

मित्रांनो, मला चालू ठेवून बंद जागेत कोंडलं, की मी शिट्टी वाजवतो. तो माझा स्वभाव आहे. शिट्टी फार बारीक असते, आणि जगदीशकाकांच्या कानांना नेमके तेच सूर ऐकू येत नाहीत.

“हा आवाज कसला?” रचनाने विचारलं.

“कसला आवाज?”

“पप्पा, एवढा मोठ्याने वाजतोय!”

काका टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून वाचू लागले. रचना आवाजाचा माग काढत आली आणि तिने ड्रॉवर उघडला. तिने आम्हा दोघांना तळहातावर घेतलं.

“तुम्ही ही घालत नाही?” तिने जवळ येऊन विचारलं. “कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“म्हणजे मी एवढं बोलत होते, आणि तुम्ही ऐकतच नव्हता? मग छान का म्हणायचात?”

“तुझा चेहरा बघून,” काका म्हणाले. “बोलताना तुझा चेहरा छान दिसायचा.”

रचना वर तिच्या खोलीत गेली.

त्या दिवसापासून काकांनी मला सकाळी उठल्याबरोबर घालायला सुरुवात केली. पण आता घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं. रचना वरच्या खोलीत दार लावून सराव करायची. काका खाली जिन्याशी उभे राहायचे. मी सगळी ताकद लावायचो, तरी दारापलीकडचं नीट हाती लागत नसे. इतक्या जवळ असून न ऐकू येणं म्हणजे काय, ते मला त्या आठवड्यात समजलं.

रविवारी काकांनी टाय लावला, जिना चढले आणि तिचं दार वाजवलं.

“मला मुलाखत घ्यायची आहे.”

“नको, पप्पा. बर्मिंगहॅमच्या फर्मचं चाचणीचं बोलावणं आलंय, ते शेवटचं. ते झालं की मी हे बंद करणार.”

“मग शेवटची मुलाखत मला घेऊ दे. या वेळी कान घालून आलोय.”

तिने दार उघडलं. काका तिच्या पलंगावर बसले, ती खुर्चीत. पहिल्याच उत्तराला त्यांनी हात वर केला. “पुन्हा सांग. ‘आणि म्हणून’च्या पुढचं आलं नाही.” ती पुन्हा बोलली. त्यांनी पुन्हा थांबवलं. ती चिडली, कागद आपटला, पाणी पिऊन आली आणि परत बसली. तासाभराने तिचं एक वाक्य पहिल्यांदा शेवटपर्यंत चालत आलं.

मग काकांनी कागदावरचा शेवटचा प्रश्न विचारला. “तुम्हाला सॉलिसिटर का व्हायचं आहे?”

“मी बारा वर्षांची होते,” रचना म्हणाली. “आम्हाला घर सोडायची नोटीस आली होती. पप्पा मला घेऊन फुकट सल्ल्याच्या केंद्रात गेले. तिथल्या सॉलिसिटर बाई सगळं भराभर सांगत होत्या आणि पप्पा नुसते ‘येस, येस’ म्हणत मान हलवत होते. मग त्या थांबल्या. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘सॉरी, मी नीट सांगितलं नाही. परत सुरू करते.’ त्यांनी परत सगळं सांगितलं, आणि घरी जाताना पप्पांना सगळं कळलं होतं. मला तसं काम करायचं आहे.”

 काकांनी मला हाताने चाचपून पाहिलं, मी जागेवर आहे ना म्हणून.

“हे तू आधी कधी सांगितलं नाहीस.”

“दोन वर्षं हेच सांगतेय, पप्पा,” रचना म्हणाली. “रोज.”

काकांनी टायची गाठ सैल केली आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यांच्या गळ्यातून जो आवाज आला, तो रचनाला ऐकू गेला नसेल. मला गेला.

बर्मिंगहॅमला ती एकटीच गेली. परत आल्यावर पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. काका बाहेर सोफ्यावर बसले होते, शशी शेजारी उभी होती. दार अर्धं उघडं होतं. “हो, मीच बोलतेय,” रचना इंग्रजीत म्हणाली. “हो, नक्की. मला ही जागा घ्यायला फार आवडेल.” एकेक शब्द शेवटपर्यंत स्वच्छ आला. शशी काकांना सांगायला वळली, तर ते आधीच उठून उभे होते.

सप्टेंबरात रचना बर्मिंगहॅमला राहायला गेली. ती रविवारी फोन करते, पण फोनमधला आवाज चपटा असतो; त्यात तिची खोली नसते, खुर्चीचा करकर आवाज नसतो, बोलण्याआधीचा श्वास नसतो. काका मला अजूनही सकाळीच घालतात आणि शशी कामावरून येईपर्यंत शांत घर ऐकत बसतात. मीही ऐकतो.

माझं प्लास्टिक आता पिवळं पडलंय, नळी कडक झालीये. हॅनाने नवी जोडी मागवली आहे. ती नोव्हेंबरच्या शेवटी मिळेल आणि आम्हा भावांना परत द्यावं लागेल. रचना घरी येणार ती नाताळात. महिनाभराचाच फरक आहे. तिचा आवाज पुन्हा एकदा या घरात, समोरासमोर ऐकावा एवढंच माझ्या मनात होतं. आता ते नव्यांच्या वाट्याला जाईल.

मित्रांनो, तुम्हाला एक विनंती आहे. तुमचं बोलणं संपायच्या आत घरातलं कुणी मान हलवू लागलं, तर रागावू नका आणि पुढेही जाऊ नका. त्यांच्या समोर येऊन बसा, आपला चेहरा त्यांना दिसू द्या आणि विचारा, “मी काय म्हणाले?” उत्तर आलं नाही, तर त्यांचं कानाचं मशीन कुठे ठेवलंय ते शोधा, पुसा, नवी बॅटरी घाला आणि त्यांच्या हातात द्या. आम्हाला फार काही लागत नाही. कुणीतरी बोलणारं लागतं.