पडीक घरे सदतीस

तोंडाने फटकळ आहे मी, लपवून काय उपयोग? पण सरकारी कचेरीत बावीस वर्षं पगार घेतला तो एकच शब्द बोलून. बरोबर.

करार टाइप होऊन आला की समोर बसलेले नाना मूळ प्रत मोठ्याने वाचतात, स्वल्पविरामासकट. मी नव्या प्रतीवर बोट फिरवत 'बरोबर' म्हणते. अक्षराला अक्षर जुळलं की संपलं. मजकूर खरा की खोटा, ते बघायला म्हणे मोठी माणसं आहेत.

आमच्या राज्य सरकारने परदेशी सरकारशी बंदराचा करार केला, तेव्हा तीन दिवस वाचत होतो. शेवटच्या परिशिष्टात नाना म्हणाले, "गट क्रमांक एकशे चार. पडीक घरे सदतीस. सर्व दारांना कुलुपे. वस्ती नाही. पाहणी दिनांक नऊ फेब्रुवारी." तारीख कुठेतरी टोचली. पण बोट पुढे सरकलं होतं. "बरोबर," मी म्हणाले. मग सह्या झाल्या, फोटो निघाले, आम्हालाही चहा मिळाला.

महिन्याभराने ताईचा फोन. ताई माझी थोरली बहीण, समुद्रकाठच्या एका वाडीत राहते.

"अगं, मोजणीवाले आलेत. अंगणात खुंट्या ठोकतायत. मी म्हटलं, बाबांनो, पाणी तरी घ्या. कुणी वर बघेल तर शपथ! टेप माझ्या अंगावरून नेली गं. मी दिसते ना माणसांना?"

"तू? तू तर अख्ख्या गावाला ऐकूही जातेस," मी चेष्टा केली. मग विचारलं, "तुमचा गट क्रमांक काय गं?"

एकशे चार. आणि नऊ फेब्रुवारीला माझ्या लेकीचं लग्न होतं. 'एक घर मागे सोडू नकोस,' असं मीच ताईला बजावलं होतं. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, सगळी वाडी तीन बस भरून आली होती. ती सदतीस कुलुपं माझ्याच आमंत्रणाने लागली.

तेव्हापासून स्वतःचाच आवाज पाठ सोडेना. भाजी चिरताना 'बरोबर'. वेणी घालताना 'बरोबर'. तिकडे वाडीची वीज तोडली, पडीक घरांना कशाला हवी? मग नळ बंद झाला. ताई रोज फोनवर विचारायची, "मी आहे ना गं?" माझ्या त्या शब्दाबद्दल तिला सांगायची छाती मात्र झाली नाही.

'आम्ही इथे राहतो' असा तिच्या नावाने अर्ज मीच लिहिला. लग्नाचा फोटो जोडला, एकशे बावन्न माणसं, मागे प्रत्येकाचं नाव.

काल त्या अर्जाचं उत्तर टाइप होऊन आमच्याच टेबलावर आलं. नाना वाचू लागले, "सदर ठिकाणी वस्ती नसल्याने अर्जदार तेथे राहतात हे मान्य करता येत नाही." आणि माझ्याकडे बघत थांबले.

"चूक," मी म्हणाले.

नानांनी दोन्ही कागद शेजारी धरले. "जुळतंय की सगळं."

"मूळच चुकलंय, नाना. माझी बहीण राहते तिथे!"

नाना बिचारे पापभीरू, त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब ओरडले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते. ते हळूच म्हणाले, "बाई, करारावर दोन सरकारांच्या सह्या आहेत. आता वस्ती आहे म्हणायचं कुणी? आणि हे बघा." फायलीतल्या प्रतीच्या पायाशी 'पडताळले' लिहिलं होतं, खाली माझी ठसठशीत सही.

कागद घेऊन साहेबांनी नानांनाच शेजारच्या खोलीत पाठवलं. मधली भिंत म्हणजे नुसती फळी. नाना तेच वाक्य वाचत होते. म्हटलं, देवा, कुणीतरी अडखळू दे. तिथे नवीन लागलेली मुलगी बसते.

"बरोबर," ती म्हणाली. अगदी माझ्याच सुरात.

मी ताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. उचल गं बाई, उचल. शेवटी उचलला, पण पलीकडून आवाजच येईना.

"ताई," मी विचारलं, "आहेस ना गं?"

"तुमच्या कागदात बघून सांग," ताई म्हणाली.