पिशव्यांची पिशवी

मयूर विहारात पन्नीवर, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीवर, बंदी आली आणि तपासणीवाल्यांनी पहिली उलथवली ती रामवतीची भाजीची गाडी. समोरच्या मॉलमध्ये डाळीपासून बिस्किटापर्यंत सगळं प्लास्टिकातच विकतात, पण तिथे शिरायची त्यांची हिंमत नाही. रामवतीला मात्र बजावलं, पुन्हा पन्नी सापडली तर गाडीच उचलून नेऊ.

सोसायटीतल्या विजयमालाने जुन्या साड्या फाडून तिला पिशव्या शिवून दिल्या. गिऱ्हाइकांनी भाजी न्यायची आणि पिशवी परत आणून द्यायची, एवढंच ठरलं होतं. पिशव्या गेल्या त्या गेल्याच. मेट्रोतून उतरलेले बाबू हात हलवत येतात, "पन्नी नहीं? फिर रहने दो," म्हणतात आणि पलीकडच्या गाडीवर जातात. तिथला भाजीवाला बटाट्यांखाली पन्न्या लपवतो.

विजयमाला पिशव्या परत मागायला शेजारच्या चेतनाकडे गेली. स्वयंपाकघराच्या दारामागे विजयमालाच्याच जांभळ्या साडीची पिशवी लटकत होती, जुन्या पन्न्यांनी गच्च भरलेली.

"अगं, आता मिळत नाहीत ना, म्हणून एकेक जपून ठेवते," चेतना म्हणाली. "तुझी पिशवी बिल्कुल मजबूत आहे हं. अजून एक असेल तर दे ना."

विजयमाला तशीच खाली आली.

"थैले मिले, दीदी?" रामवतीने विचारलं.

"नहीं."

रामवतीने बटाटे बाजूला सारले, पदराखालून पन्न्यांचा गठ्ठा काढून तिथे दडवला आणि तपासणीची गाडी येते त्या वळणाकडे बघत उभी राहिली.